पांडवलेण्यांत म्हटलेली वंदना इतका वेळ घुमते, हा आध्यात्मिक स्पंदनांचा पुरावा मानावा का?
पुरावा मानता येणार नाही, कारण तो घुमणारा नाद ध्वनीच्या परावर्तनातून निर्माण होतो. नाशिकच्या या लेण्यांतील क्रमांक १८ चे चैत्यगृह अखंड बेसाल्टात कोरलेले आहे आणि असा कठीण दगड ध्वनीची ऊर्जा फारच थोडी शोषतो, त्यामुळे प्रत्येक स्वर भिंतींवरून व कमानदार छतावरून पुनःपुन्हा परततो. शिवाय, ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरल्यास, ३ मीटर अंतरावरील समांतर भिंतींमध्ये साधारण ५७ आणि ११३ हर्ट्झचे स्वर अनुनादाने बळावतात. यांपैकी दुसरा पुरुषाच्या नेहमीच्या आवाजाच्या पट्टीतच बसतो. मात्र वंदना म्हणणाऱ्याला लाभणारी शांतता यामुळे खोटी ठरत नाही, कारण दीर्घ उच्चाराने श्वास खरोखरच संथ होतो.