निधनानंतरचे पहिले चरित्र

प्रश्न : कलावंताच्या निधनानंतर काही महिन्यांतच निघालेल्या चरित्रावर कितपत विश्वास ठेवावा? मीनाकुमारीवरचे विनोद मेहतांचे पुस्तक वाचताना ही शंका आली. (एक वाचक, सातारा)

उत्तर : शंका रास्त आहे. ‘पाकीजा’ फेब्रुवारी 1972 मध्ये प्रदर्शित झाला, 31 मार्चला मीनाकुमारी गेली आणि त्याच वर्षी हे चरित्र बाजारात आले. जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या मेहतांची तिच्याशी कधी भेटही झालेली नव्हती, त्यामुळे तिची बाजू तिच्या तोंडून तपासण्याची सोय त्यांना नव्हती. मात्र घाईचा एक लाभही असतो, आणि तो कमी लेखू नये : पती कमाल अमरोही आणि तिला जवळून ओळखणारी माणसे तेव्हा हयात होती, त्यांच्या आठवणींवर अजून दंतकथेची पुटे चढायची होती. अर्थात शोकाच्या दिवसांत माणसे दिवंगताविषयी जपून बोलतात, आणि स्वतःविषयी त्याहून जपून. म्हणून संवाद, भांडणे, मनातले विचार अशा मजकुरापाशी लेखकाने माहिती देणाऱ्याचे नाव दिले आहे का, एवढे पाहावे. 2013 मध्ये या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. शक्यतो तीच मिळवावी.