स्केल एकच, मग मॅडमच्या हातात कमी का?

कॉलेजातल्या पगारावर या वेळी बरीच पत्रं आली, त्यातली चार घेते.

आमचं कॉलेज अनुदानित आहे, सर असो की मॅडम, सगळ्यांना सातवा वेतन आयोगच. मग स्त्री-पुरुष पगारात फरक येईलच कसा? (चोपडा)

ताई, स्केल एकच आहे पण त्या शिडीवर कोण कोणत्या पायरीवर उभं आहे ते बघा ना. सहायक प्राध्यापकाची सुरुवात ५७,७०० बेसिकवर, दोघांचीही. पीएचडी असेल तर ४ वर्षांनी लेव्हल ११, म्हणजे वरची पगारश्रेणी, मिळते, नुसत्या नेट-सेटवर ६ वर्षं थांबावं लागतं. आता लग्न, लेकरं, सासूबाईंचं आजारपण यात पीएचडी कोणाची मागे पडते हे आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारात मी सांगायला नको. चार वर्षं झाली की सर ६८,९०० वर जातात आणि मॅडम ६४,९०० वरच. बरं, दोन वर्षांनी मॅडमलाही लेव्हल ११ मिळाली तरी फिक्सेशन (नव्या श्रेणीतला बेसिक ठरवणं) ७१,००० वर होतं आणि सर तोवर ७३,१०० वर पोचलेले. हे फक्त बेसिक झालं, त्यावर डीए, घरभाडं, पुढे पेन्शनसुद्धा. एकाही कागदावर 'बाई म्हणून कमी' असं लिहिलेलं नसतं, तरी फरक निवृत्तीपर्यंत सोबत येतो.

जेंडर ऑडिटमध्ये (कॉलेजातल्या स्त्री-पुरुष समानतेच्या तपासणीत) हा फरक आकडा म्हणून दाखवायचाय. कसा काढू? (धुळे, आयक्यूएसी म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे समन्वयक)

सर, आधी ऑफिसकडून एकाच महिन्याचं पगारपत्रक घ्या, नावं काढून टाका आणि प्रत्येकाचा तासाचा दर काढा. मग बायकांचे दर चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या, पुरुषांचाही तसाच, आणि पुरुषांच्या आकड्याच्या किती टक्के कमी ते बघा. सरासरीपण काढा, पण प्राचार्यांचा एक मोठा पगार सरासरी वर ओढतो म्हणून मधला आकडा जास्त खरं बोलतो. ब्रिटनमध्ये २०१७ च्या नियमांनी २५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या संस्थांना, विद्यापीठं धरून, हे दोन्ही आकडे जाहीर करावेच लागतात, शिवाय पगाराचे चार समान गट पाडून प्रत्येकात बायका किती तेही.

एक कळकळीची विनंती, सीएचबीवाल्यांना (तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना) यादीतून वगळू नका!! ते वगळले की फरक कमी दिसतो आणि ऑडिट छान दिसतं, पण ते खोटं असतं. मी स्वतः एका समितीत हे भांडून बघितलंय, 'ते आपले कर्मचारीच नाहीत' असं उत्तर मिळालं होतं, अजून लागतं मनाला.

आणि पगाराबाहेरचंही मोजा, परीक्षेचं मानधन, पीएचडी गाइडशिप, प्रोजेक्टचा निधी, लॅबची जागा. अमेरिकेत एमआयटीमध्ये नॅन्सी हॉपकिन्स या प्राध्यापिकेने टेप घेऊन लॅबची जागा मोजली होती, त्यातूनच पुढे १९९९ चा गाजलेला अहवाल आला, पगार आणि जागा दोन्हीत बायकांना कमी मिळत होतं. टेप तर आपल्याकडेही आहे.

बाळंतपणाची रजा घेतली म्हणून कॅसच्या (प्राध्यापकांच्या बढती योजनेच्या) फाइलवर 'त्या वर्षी काम कमी' असा शेरा आलाय. (शहादा)

असा शेरा चालतच नाही, मॅडम. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत स्पष्ट आहे की मातृत्व रजा, बालसंगोपन रजा असा काळ मूल्यमापनातून वगळायचा, उरलेल्या काळातल्या कामावरून पूर्ण मुदतीचं गुणांकन करायचं आणि त्या गैरहजेरीमुळे प्रमोशनमध्ये नुकसान होऊ द्यायचं नाही. हा मुद्दा लेखी टाका, तोंडी बोलू नका, आणि पत्राची पोच घ्या.

फरक निघाला तर पुढे काय? मोजून फाइलीतच जाणार ना. (अमळनेर)

तसं व्हायलाच पाहिजे असं नाही. कॅनडात वॉटरलू विद्यापीठाने २०१६ मध्ये हिशोब केला, फरक दिसला आणि प्राध्यापिकांचा वार्षिक पगार सरसकट २,९०५ डॉलरने वाढवला. त्याच वर्षी इंग्लंडात एसेक्सने महिला प्रोफेसरांना वरच्या पायऱ्या देऊन फरक बुजवला. आपल्याकडे कॉलेजला स्वतःहून बेसिक वाढवता येत नाही, स्केल सरकारचं, पण कॅसची कोणती फाइल किती महिने कोणाच्या टेबलावर पडून आहे याची यादी दर तिमाहीला लावता येते, पीएचडीसाठी मॅडमांचा वर्कलोड एखाद वर्ष सोयीचा करून देता येतो, परीक्षेच्या मानधनाची कामं पाळीने वाटता येतात. याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही, प्राचार्यांची सही पुरते. पुढच्या सीडीसीच्या (कॉलेज विकास समितीच्या) मीटिंगमध्ये विषयपत्रिकेवर हा विषय टाका, आणि सोबत ती यादी जोडा.