टोरांटोचा मेयर: महापौर की नगराध्यक्ष?

प्रश्न असा आला आहे: टोरांटोचा मेयर थेट मतदार निवडतात, म्हणजे तो आपल्या नगराध्यक्षासारखा झाला. मग मराठीत त्याला महापौर म्हणणं चूक नाही का? आणि मेयर बाई असेल तर 'महापौरा' लिहावं का?

महापौर लिहा. 'महापौरा' लिहू नका. कारण शेवटी सांगतो, आधी ते 'थेट निवड म्हणजे नगराध्यक्ष' हे समीकरण मोडायला हवं. परदेशच्या बातम्यांत ते इतक्यांदा वाचायला मिळतं की आता लोकांना तो नियमच वाटतो.

टोरांटोचाच इतिहास घ्या. ६ मार्च १८३४ रोजी यॉर्क या गावाला शहराचा दर्जा मिळाला आणि टोरांटो हे नाव परत आलं. पहिले मेयर विल्यम लायन मॅकेन्झी, म्हणजे ब्रिटिश वसाहतीच्या सरकारविरुद्ध झालेल्या १८३७ च्या उठावाचे पुढारी. त्यांना मेयर मतदारांनी केलं नाही. मतदारांनी सभासद निवडले, सभासदांनी आपल्यातून मॅकेन्झींना निवडलं. १८५९ मध्ये अ‍ॅडम विल्सन हे थेट लोकांनी निवडलेले पहिले मेयर झाले. १८६७ ते १८७३ या काळात निवड पुन्हा सभासदांकडे गेली. १८७४ पासून पुन्हा थेट. आता निवडीच्या रीतीवरून शब्द ठरवायचा तर मॅकेन्झी महापौर, विल्सन नगराध्यक्ष, १८६७ ला परत महापौर, १८७४ ला परत नगराध्यक्ष! एकाच खुर्चीचं नाव चाळीस वर्षांत तीनदा बदलायचं? आपल्याकडेही नगराध्यक्षाची थेट निवड सरकारागणिक आली आणि गेली, पण नगराध्यक्षाचा कोणी महापौर केला नाही. मराठीतला भेद संस्थेचा आहे: महानगरपालिकेला महापौर, नगरपरिषदेला नगराध्यक्ष. टोरांटो कुठल्या मापाचं शहर आहे हे सांगायला नको.

दुसरी तक्रार: 'महापौर' फार संस्कृत वाटतो, सरळ 'मेयर' लिहा. लिहा की, पण तो कमी संस्कृत आहे या समजुतीत राहू नका. मेयर आला फ्रेंच 'मेर'वरून, आणि तो लॅटिन 'मायॉर'वरून. 'मायॉर' म्हणजे 'अधिक मोठा'. 'मॅग्नुस'चं तुलनादर्शक रूप. लॅटिन 'मॅग्' आणि संस्कृत 'मह्' हे एकाच धातूचे दोन वंशज. नुसता धातूच नव्हे, प्रत्ययही एकच! संस्कृतात तुलना दाखवायला पाणिनी दोन प्रत्यय देतो, तरप् आणि ईयसुन्. त्यातल्या ईयसुन्‌चा लॅटिनमधला सख्खा भाऊ म्हणजे 'मायॉर'मधला 'ऑर'. म्हणून 'मायॉर'चं संस्कृत रूप अक्षरश: 'महीयान्'. कठोपनिषदातलं 'अणोरणीयान् महतो महीयान्' आठवा. 'महापौर' हा शब्द सावरकरांच्या नावावर सांगितला जातो. त्यातलं 'महा' मूळ शब्दाच्या गाभ्याशी असं चपखल बसतं, आणि 'पौर' म्हणजे पुरात राहणारा, नागरिक. अध्यक्षपणाचा त्यात लवलेश नाही. शहरातला पहिला नागरिक, इतकाच अर्थ.

आता ईयसुन् झाला, तरप् कुठे गेला? 'महत्'ला तरप् लावला की 'महत्तर'. जुन्या ताम्रपटांत दानाची आज्ञा ज्यांना उद्देशून असते त्यांत गावचे महत्तर असतात, म्हणजे गावातली वजनदार मंडळी. याच शब्दापासून मराठीत 'म्हातारा' आला. काही जण तो 'महास्थविर'वरून आणतात. ते पटण्यासारखं नाही: 'स्थ'चा प्राकृतात 'थ' होतो ('स्थविर'चा 'थेर' झालाच आहे), मग म्हाताऱ्यात तो 'थ' कुठे आहे? 'त्त'चा 'त' होऊन आधीचा स्वर लांबणं ही मात्र मराठीची नेहमीची चाल आहे: सप्त, सत्त, सात. आणि कोकणपट्टीतलं 'म्हात्रे' हे आडनाव याच महत्तराचं, असं माझं ठाम मत आहे. मधला स्वर गळला, 'त' आणि 'र' जुळले, पद होतं ते आडनाव झालं. पाटील, देशमुख, कुळकर्णी यांचं झालं तसंच. घडणीनं पाहिलं तर मेयरचा मराठीतला सर्वांत जवळचा नातलग महापौरही नव्हे आणि नगराध्यक्ष तर नव्हेच. तो म्हात्रे आहे. मॅकेन्झींच्या सभेतले वरिष्ठ सभासद 'आल्डरमन' म्हणवत, त्याचाही अर्थ मुळात 'वडीलधारा माणूस'. मोठा आणि वडील या कल्पना पदनामांत अशा हटकून एकत्र येतात.

मेयरला औपचारिक इंग्रजीत 'हिज वर्शिप' किंवा 'हर वर्शिप' म्हणतात. याचं 'पूज्य' किंवा 'पूजनीय' करू नका. 'वर्शिप' हा मुळात 'वर्थ' या शब्दाला 'शिप' लागून झालेला, म्हणजे योग्यता, मान. इंग्रजीत दंडाधिकाऱ्यालाही हेच संबोधन आहे, आणि टोरांटोचे सुरुवातीचे मेयर मेयर्स कोर्टात न्यायाला बसतही असत. मराठीत 'माननीय' पुरेसा आहे.

'अध्यक्ष' हा शब्द टोरांटोच्या इतिहासात एका ठिकाणी मात्र हवाच, आणि नेमका तिथेच तो चुकवला जातो. १९५३ मध्ये टोरांटो आणि भोवतालच्या १२ नगरपालिकांवर 'मेट्रोपॉलिटन टोरांटो' ही वरची संस्था आली. तिचे पहिले प्रमुख फ्रेडरिक गार्डिनर चेअरमन होते, मेयर कधीच नव्हते. त्यांना 'महापौर गार्डिनर' लिहिणं साफ चूक. त्याच काळात, १९५५ पासून, शहराचे मेयर नेथन फिलिप्स होते. शेजारच्या ईस्ट यॉर्कला तर मेयरही नव्हता, 'रीव्ह' नावाचा प्रमुख होता ('शेरिफ'मधला 'रिफ' तोच). १९६७ च्या फेररचनेत १३ पालिकांच्या सहा झाल्या, आणि ट्रू डेव्हिडसन या बाई रीव्हच्या मेयर झाल्या. १९९८ मध्ये मेट्रोपॉलिटन टोरांटो आणि तिच्याखालच्या सहा पालिका मिळून आजचं टोरांटो झालं, आणि मेल लास्टमन त्याचे पहिले महापौर. अनुवाद करताना आधी साल पाहा, मग शब्द निवडा.

अधिकारांवरूनही शब्द बदलायची गरज नाही. २०२२ च्या प्रांतिक कायद्याने टोरांटोच्या मेयरला अंदाजपत्रक मांडण्याचा, मुख्य प्रशासक नेमण्याचा आणि काही ठराव रोखण्याचा अधिकार मिळाला. रोखलेला ठराव तरीही मंजूर करायला सभासदांची दोन तृतीयांश मतं लागतात. आपल्या महापौराकडे यातलं काहीच नाही, कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे असतात. म्हणून मेयरला 'आयुक्त' म्हणायचं का? एका वाक्यात अधिकार सांगा आणि पुढे जा.

राहिलं 'महापौरा'. 'पुर'वरून झालेल्या 'पौर'चं संस्कृत स्त्रीलिंग 'पौरी' होतं, 'पौरा' नव्हे. म्हणजे संस्कृताचा आधार घ्यायचा तर 'महापौरी' म्हणावं लागेल, आणि ते कोणी म्हणत नाही. मराठीची रीत साधी आहे: मंत्री, सरपंच, राष्ट्रपती तसेच राहतात, लिंग क्रियापदात आणि विशेषणात दिसतं. इंग्रजीतलं 'मेयरेस' तर मेयरच्या पत्नीसाठी होतं. मॉन्ट्रियलच्या फ्रेंच भाषकांनी 'मेरेस' हा तसाच शब्द पदासाठी वळवला आणि तिथल्या तेव्हाच्या मेयर व्हॅलेरी प्लांट यांना तो लावला, पण ती फ्रेंचची गरज, तिथे नामाला लिंग चुकवता येत नाही. मराठीत लिहा: 'टोरांटोच्या महापौर ऑलिव्हिया चाऊ २०२३ च्या पोटनिवडणुकीत निवडून आल्या.'