शेतशिवार प्रश्नोत्तरे : अनुदान कुणाच्या नावावर गेलं?

प्रश्न : आमच्या गावात ठिबकचं अनुदान ठरावीक घरांनाच मिळतं अशी कुजबुज आहे. मी ऑफिसात यादी मागितली, तर "ऑनलाइन बघा" म्हणाले. ऑनलाइन मला फक्त माझाच अर्ज दिसतो. यादी मागायचा मला हक्क आहे का?
– एक वाचक, ता. माढा

उत्तर : हक्क आहेच, पण खरं तर मागायची वेळच यायला नको. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये कार्यालयानं आपणहून जाहीर करायच्या १७ बाबी आहेत. त्यातली बारावी बाब अनुदानाची : कार्यक्रम कसा राबवला, रक्कम किती, लाभार्थी कोण. माझी नोकरी कृषी खात्यात गेली. त्या १७ बाबींची फाईल कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली रजेवर असायची!

तेव्हा सरळ अर्ज करा. तालुका कृषी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवा. "अमक्याला का दिलं?" असं विचारू नका, 'का'ला उत्तर मिळत नाही. कागद मागा : अमुक वर्षी, अमुक गावात ठिबक-तुषारचा लाभ घेतलेल्यांची नावं, गट नंबर, क्षेत्र, रक्कम आणि जमा झाल्याची तारीख. आधार किंवा बँक खात्याचा नंबर चुकूनही मागू नका, त्या एका ओळीवर अख्खा अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

गट नंबर सोडू नका. ठिबकचा लाभ घेतलेल्या क्षेत्रावर सात वर्षं पुन्हा लाभ मिळत नाही. नुसत्या नावांच्या यादीत हे कळणार नाही, कारण एकदा बापाचं नाव, एकदा पोराचं. मोका तपासणीचे, म्हणजे रानात येऊन केलेल्या पाहणीचे, फोटोही मागा. एकाच फिल्टरचा संच दोन रानांत मिरवून फोटो काढणारे महाभाग मी पाहिलेत. नळ्या नव्या, पण फिल्टरवरचा पोचा तोच!

आणि एक सबुरी. अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ आणि राज्याचे पूरक २५ मिळून ८० टक्के, इतरांना ७५ टक्के, हे खरं. पण ते सरकारनं ठरवून दिलेल्या खर्चाच्या मापदंडावर, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. बिलाशी रक्कम जुळली नाही म्हणून लगेच शेजाऱ्याला चोर ठरवू नका.

२०२५ च्या नोव्हेंबरपासून विदा (डेटा) संरक्षण कायद्यामुळे माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) बदललंय, त्यामुळे "वैयक्तिक माहिती, देता येत नाही" असं छापील उत्तर येईल. अपिलात दोन गोष्टी मांडा : बारावी बाब जागेवर आहे, आणि जनहित मोठं असेल तर माहिती देता येते हे कलम ८(२) सुद्धा.

प्रश्न : पीएम-किसानच्या यादीत माझं नाव गावभर कुणालाही दिसतं. वर्षाच्या सहा हजारांसाठी चावडीवर नाव वाचलं जावं का?
– एक शेतकरी भगिनी, जि. बीड

उत्तर : ताई, तुमची चीड मला पटते. जर्मनीतल्या हेसन राज्यातली एक शेती भागीदारी संस्था आणि एक शेतकरी नेमकं हेच घेऊन कोर्टात गेले होते. ९ नोव्हेंबर २०१० ला युरोपीय न्यायालयानं सांगितलं की, लहानमोठा भेद न करता प्रत्येक व्यक्तीचं नाव झळकवणं प्रमाणाबाहेर आहे. पुढे २०१३ मध्ये नवा नियम झाला : नावं छापायची, मात्र वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंत (जास्तीत जास्त १२५० युरो) मिळणाऱ्यांची झाकायची.

मला हा तोडगा आवडतो. आपल्याकडे नेमकं उलटं झालंय. दोन हजारांच्या हप्त्याचं नाव मोबाइलवर दिसतं आणि पॉलिहाऊसचे लाखो रुपये कुणी उचलले, ते पाहायला वरच्या माढेकरांना कोर्ट फी तिकीट आणावं लागतं.