दोन प्रोसेसरचा वापरलेला सर्व्हर घेताना कोअर मोजू नका

तुमची अडचण अशी दिसते: कारखान्यातला सर्व्हर बंद पडलाय. त्यावर विंडोज सर्व्हरची दोन व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) होती, एकात पोस्टग्रेस हा डेटाबेस. बजेट बेताचं. विक्रेत्याकडे वापरलेले डेल आर७२० आणि आर७३० आहेत आणि तुम्ही जास्त कोअरवाला (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) घ्यायच्या विचारात आहात.

आर७२० सोडून द्या. त्यात इंटेलच्या झिऑन ई५ मालिकेचे व्ही२ म्हणजे दुसऱ्या आवृत्तीपर्यंतचेच प्रोसेसर बसतात आणि मेमरी डीडीआर३ लागते. त्या पिढीत एव्हीएक्स२ हा प्रोसेसरचा सूचनासंच नाही, म्हणजे उद्या लिनक्सवर जायचं ठरलं तर रेड हॅट १० ही लिनक्सची आवृत्ती चालणारच नाही. आर७३० मध्ये व्ही३ आणि व्ही४ चालतात, मेमरी डीडीआर४. व्ही४ च मागा.

आता कोअर. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उघडतो आणि साधी क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) एकाच कोअरवर चालते. ९.६ पासून समांतर क्वेरी आली खरी, पण तिचा फायदा मोठ्या रिपोर्टला; बिलाची नोंद करणाऱ्याला नाही. त्याला किती थांबावं लागणार हे त्या एका कोअरच्या वेगावर ठरतं. ई५-२६८० व्ही४ मध्ये १४ कोअर आहेत, पण मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ. ई५-२६६७ व्ही४ मध्ये कोअर ८, वेग ३.२. मी डोळे झाकून दुसऱ्याची जोडी घेईन.

आणि इथेच लायसन्सचा मुद्दा येतो, जो कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. विंडोज सर्व्हर २०१६ पासून लायसन्स प्रत्यक्ष कोअरवर मोजतात. स्टँडर्डचं मूळ लायसन्स १६ कोअरचं, आणि सगळे कोअर त्यात बसले की दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. ८ च्या जोडीचे बरोबर १६ होतात. १४ ची जोडी घेतली तर २८, म्हणजे वरच्या १२ कोअरचे पैसे वेगळे. प्रोसेसरवर वाचवलेलं सगळं तिथे जाईल.

मेमरी दोन्ही प्रोसेसरना सारखी वाटा. प्रत्येकाला मेमरीकडे जायचे चार रस्ते, म्हणजे चॅनेल आहेत, त्यामुळे १६ जीबीच्या आठ पट्ट्या, चार इकडे चार तिकडे. सगळ्या एकाच बाजूला भरल्या तर दुसऱ्या प्रोसेसरला प्रत्येक वेळी पहिल्याच्या दारात जावं लागतं.

विजेचाही हिशोब करा. चोवीस तास चालणाऱ्या मशीनवर १०० वॅट जास्त म्हणजे वर्षाला ८७६ युनिट. १२८ जीबीहून कमी मेमरीत भागत असेल तर १२ कोअरचा, ६५ वॅटचा नवा रायझन ९ ७९०० जरूर तपासा. मात्र डेलच्या आयड्रॅकसारखी दुरून चालू-बंद करायची सोय आणि दुहेरी पॉवर सप्लाय साध्या बोर्डवर मिळत नाही. रात्रपाळी असलेल्या कारखान्यात मला ती हवीच वाटते.

पैसे देण्याआधी आयड्रॅकचा लॉग उघडून मेमरीच्या तक्रारी बघा, रेड (RAID) कार्डची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची बॅटरी तपासा, आणि रात्रभर मेमरी टेस्ट चालवायची परवानगी मागा. नाही म्हणाला तर दुसरा विक्रेता बघा.