‘टेबल’ करू म्हणजे नेमकं कधी?

प्रश्न : इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. व्हॉट्सॲपवर पाचशे इंग्रजी वाक्प्रचारांची पीडीएफ आली, ती पाठ करतोय. मुलाखतीत वापरू का? (कॉलेज रोड)

उत्तर : नको. अशा याद्यांत हमखास भेटणारं ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आता इंग्रजांच्या बोलण्यात क्वचितच येतं. ‘इट्स पोअरिंग’ म्हणून ते मोकळे होतात. आपण तरी गोदेला पूर आल्यावर शब्द कुठे शोधतो? दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, एवढं म्हटलं की नाशिककराला सगळं कळतं. मुलाखतीत ‘लुक इनटू’, ‘फॉलो अप’, ‘रन आउट ऑफ’ ही साधी क्रियापदं जास्त कामाला येतात. ‘वी रॅन आउट ऑफ टाइम, सो वी ड्रॉप्ड वन फीचर’ असं प्रोजेक्टबद्दल न अडखळता सांगता आलं, तर पीडीएफ खुशाल डिलीट करा.

प्रश्न : ऑनलाइन मीटिंगमध्ये अमेरिकन ग्राहक म्हणाले, ‘लेट्स टेबल धिस.’ मी लगेच ड्रॉइंग स्क्रीनवर उघडलं, तर सगळे गप्प! (सातपूर)

उत्तर : ग्राहक ब्रिटिश असते तर तुमचं बरोबर ठरलं असतं. ब्रिटनमध्ये ‘टेबल’ करणं म्हणजे विषय चर्चेला घेणं. आपल्या विधिमंडळात अहवाल पटलावर ठेवतात, तो हाच अर्थ. अमेरिकेत मात्र ‘हे तूर्त राहू द्या’. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांची चांगलीच जुंपली होती. दोघांनाही तो विषय तातडीने घ्यायचा होता, हे बऱ्याच वेळाने उमगलं; चर्चिल यांनीच ते लिहून ठेवलंय. तेव्हा लाजू नका, सरळ विचारा : ‘टुडे, ऑर लेटर?’ आणि ‘स्टिकी विकेट’ (म्हणजे अवघड परिस्थिती) यासारखे क्रिकेटचे शब्द अमेरिकनांसमोर नकोत. त्यांचा खेळ बेसबॉल.

प्रश्न : आमची द्राक्षं युरोपात जातात. खरेदीदाराने ‘बॉलपार्क फिगर’ मागितली आहे. (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : ‘बॉलपार्क’ म्हणजे बेसबॉलचं मैदान, पण इथे अर्थ ढोबळ आकडा. फोनवर सहज बोलला असाल तरी लिहून देताना एकच भाव देऊ नका. ‘या भावापासून या भावापर्यंत’ असं लिहा आणि शेवटी ‘सब्जेक्ट टु कन्फर्मेशन’ जोडा. ऐन हंगामात अवकाळी झाली, तर सुटायला वाट राहते. ‘फर्म कोट’ मागितला, की मग तो पक्का भाव. तिथे पुन्हा हिशेब करूनच आकडा कळवा.

प्रश्न : लंडनहून नातीचा मेसेज आलाय, ‘फीलिंग अंडर द वेदर’. तिकडे वादळ वगैरे आहे का? (पंचवटी)

उत्तर : वादळ नाही आजी, अंगात कसकस असेल. मोठ्या आजारपणाला सहसा असं म्हणत नाहीत. फोन मात्र करा.