सांगलीत आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एकाच थीमवर पाच चित्रं करायचीत, 'निसर्ग' घेऊ का?

निसर्ग नको घेऊस, लई मोठा विषय आहे, पाच चित्रं पाच दिशेला जातील. सांगलीत आहेस, हळदीची मोठी पेठच आहे ती, तर हळद घे की. आणि हळदीची चित्रं काढण्यापेक्षा हळदीनंच चित्रं काढ. कागदावर हळदीचं पाणी लाव, वाळलं की ब्रशनं चुन्याची निवळी, म्हणजे चुना खाली बसल्यावर वर राहतं ते पाणी, फिरव, जिथं ब्रश लागेल तिथं पिवळ्याचं लालभडक होतं, कुंकू पण हळदीला चुना लावूनच करायचे ना, आणि त्यावर लिंबाचा थेंब टाकलास की परत पिवळं. हे एकदा स्वतः करून बघ, पुढचं आपोआप सुचतंय.

मग सांगलीजवळच्या हरिपूरला जाऊन ये, तिथं हळद साठवायला जमिनीत पेवं असायची, तोंड अरुंद अन् खाली पोट मोठं, २००५ च्या पुरात पाणी शिरून बरीच खराब झाली. तो एकच आकार स्केचबुकात वीस-पंचवीस वेळा काढ, पाचही चित्रं त्यातनंच निघतील. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याच्या, म्हणजे लिलावाच्या वेळी पण जा, हमालांचे पिवळे हात बघ.

फक्त हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून दर आठवड्याला फोटो काढून तारीख टाक, ते उडत जाणंपण प्रोजेक्टमध्येच घे.